सहीची पट्टी

औषधवालीच्या नाकाचा गल्लीत मोठा दबदबा होता. दिसायला म्हणाल तर काही खास नाही, जरा बसकंच, वर चष्म्याचे दोन लाल ठसे. पण दुकानात काउंटरमागे उभ्या उभ्या ती समोरच्याला सांगायची, "काका, सिगारेट सोडली म्हणता आणि कोपऱ्यावर ओढून आलात ना?" काका ओशाळायचे, गोळ्या घेऊन निमूट चालू लागायचे. मग ती शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसायची. नाकाचा तिला अभिमान होता, आणि तो लपवायची पद्धत तिच्याकडे नव्हती.

हे नाक तयार कुठे झालं, तेही सांगून टाकतो. पंचवीस वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ संध्याकाळी घरी यायला लागला तो भिंत धरून. आईच्या अंगात दार उघडायचं बळ नसायचं. ती हिला म्हणायची, "जा गं, नाक लावून ये." ही दारात जायची, भावाच्या तोंडाशी नाक न्यायची आणि मागे वळून आईला सांगायची, "प्यायलाय." कधी सांगायची, "थोडी." पुढे पुढे तर कुठली, तेही सांगायची. म्हणजे ज्या नाकाचं पुढे रविवारच्या बैठकीत कौतुक झालं, त्याचा पहिला धडा भावाच्या तोंडावर गिरवलेला होता. हे ती बैठकीत कुणाला सांगत नसे.

बैठक म्हणजे रविवारी दुपारी चारला तिच्या घरी जमणारी चार माणसं. मुळात हा नाद तिच्या नवऱ्याचा. तो गेल्यावर कपाट उरलं, कपाटातल्या बाटल्या उरल्या आणि त्याचे तीन मित्र उरले. दाताचा डॉक्टर, विमेवाला आणि रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मास्तर. तिघंही तिला वहिनी म्हणत. पहिल्या वर्षी ती नुसती दाणे भाजून द्यायची. दुसऱ्या वर्षी तिनं एक घोट घेतला आणि डॉक्टरला म्हणाली, "तुम्ही हिला व्हॅनिला म्हणता? ही जळकी साखर आहे." त्या दिवसापासून ती खुर्चीत बसायला लागली आणि दाणे विमेवाला भाजू लागला.

आता ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बोर्बन मक्याची. गोड, भरल्या अंगाची, तोंडात शिरताच आपलीशी होणारी. राय ही राय नावाच्याच धान्याची. तिचा स्वभाव वेगळा. मिरी, शहाजिरं, ओल्या लाकडाचा वास, आणि जाताना जिभेला चिमटा. विमेवाला म्हणायचा, "बोर्बन म्हणजे चार दिवस माहेरी आलेली बहीण. राय म्हणजे कायमची राहायला आलेली नणंद." हा विनोद त्यानं सहा वर्षांत शंभर वेळा केला असेल. डॉक्टर बोर्बनचा भक्त, औषधवाली रायची. त्यावरून दोघांची जी जुंपायची, ती बघायलाच बाकीचे दोघं येत असावेत असं मला वाटतं.

चौदा महिन्यांपूर्वी धाकटा एक पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहिला. वय शेहेचाळीस, केस सगळे पांढरे. बायको केव्हाच निघून गेली होती. स्वतःचं बाइंडिंगचं दुकान होतं, ते गेलं. दोन महिने व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात काढून आला होता आणि एका बाइंडिंगखान्यात नोकरीला लागणार होता. "ताई, थोडे दिवस," म्हणाला. ती म्हणाली, "थोडे दिवस कसले? मागची खोली तुझीच आहे."

आत आला आणि पहिल्यांदा त्याला ते कपाट दिसलं. काचेची दारं, आत बत्तीस बाटल्या. तो तिथेच थबकला.

"ताई, याला कुलूप घाल."

"कुलूप? तुझ्यासाठी?"

"हो. किल्ली दुकानात ठेव."

आता इथे शहाण्या माणसानं काय करावं? निमूट कुलूप घालावं. पण औषधवालीला त्या क्षणी फार मोठं व्हावंसं वाटलं. ती म्हणाली, "छे! माझा तुझ्यावर विश्वास आहे. कुलूप बिलूप काही नाही. आणि बाळू, आणखी एक सांगते. तुझं तोंड मी आता कधीही हुंगणार नाही. शपथ."

"तू घाल ना कुलूप," तो पुन्हा म्हणाला.

"नाही म्हणजे नाही."

हे वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं, की तिनं ते बैठकीत सांगितलं, दुकानात सांगितलं, मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगितलं. बहुतेक वेळा धाकट्याच्या देखत. "मी कुलूप घातलेलं नाही, बरं का." लोक म्हणायचे, "कमाल आहे हो तुमची." धाकटा तेवढ्यात काहीतरी आणायला आत जायचा. कमाल त्याची होती, पण तसं कुणी म्हटलं नाही.

दुसऱ्या रविवारी बैठक संपल्यावर तो खळीचं भांडं आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन बाहेर आला. बोटभर रुंद, पातळ पण चिवट कागद. जुन्या वह्यांच्या पाठीला लावतात तो. म्हणाला, "ताई, बूच लावलंस की वर ही पट्टी चिकटवू या. गळ्याच्या एका बाजूनं चढवायची, बुचावरून दुसऱ्या बाजूला उतरवायची. तू वर तारीख घाल. कुठली बाटली कधी उघडली ते कळेल. हवाही जरा कमी जाईल."

डॉक्टर खो खो हसला. "वहिनी, तुमच्याकडे आता दारूचीही रजिस्टरं व्हायला लागली!"

पण तिला ते आवडलं. कपाटात बाटल्या कशा शिस्तीत दिसायच्या, गळ्यात पांढरी पट्टी घालून. मग तो रिवाजच पडला. रविवारी मंडळी उठली की ती बुचं घट्ट लावून बाटल्या ओळीनं मांडायची, धाकटा श्वास रोखून, तोंड खिडकीकडे करून पट्ट्या चिकटवायचा आणि ती तारखा घालायची. एकदा कंटाळून तिनं नुसती तारीख टाकली, तर तो म्हणाला, "सही पण कर, ताई. पूर्ण. अर्धी पट्टीवर, अर्धी काचेवर आली तरी चालेल."

"अरे, मी काय बँकेत आहे?"

"कर ना."

तिनं केली. बाइंडरची खोड, ती मनात म्हणाली. पट्टी फाडल्याशिवाय बूच निघायचं नाही आणि तिची सही तिच्याशिवाय कुणाला जमायची नाही. चौदा महिन्यांत तिनं अशा दोनशेच्या वर सह्या केल्या असतील. दुकानात रोज शंभर गिऱ्हाइकांना ती बजावायची, "सील बघून घ्या, सील तुटलेलं असेल तर बाटली परत आणा." आणि घरी तिच्याच सहीचं सील तिच्या नाकासमोर लावलं जात होतं. तिला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की हे नक्की कशासाठी.

आता त्या रविवारचं सांगतो.

डॉक्टरनं महिनाभर आधीच आव्हान दिलं होतं. दोन बोर्बन, दोन राय, डोळे झाकून. म्हणजे बाटल्यांवर मोजे चढवायचे, लोकरीचे, लांब. वर आकडे टाचायचे. कुठल्या मोज्यात काय आहे ते पंचाला ठाऊक, आणि पंच त्या दिवशी चाखत नाही. पंचाची पाळी मास्तरांची होती. औषधवाली महिनाभर एकच गोष्ट ऐकवत होती, "माझी मिरीवाली काढते. बघाच." मिरीवाली म्हणजे तिची लाडकी राय. बाटली तळाला आलेली, तीन बोटं उरलेली. गेले अकरा आठवडे तिनं ती याच दिवसासाठी राखून ठेवली होती. "ती मी झोपेतसुद्धा ओळखीन," असंही ती म्हणाली होती. हे म्हणायला नको होतं.

चार वाजता तिनं चारही बाटल्या सगळ्यांसमोर टेबलावर ठेवल्या. नखानं पट्ट्या फाडल्या, तुकडे बशीत टाकले. मास्तर शेजारीच उभे होते. मग बाकी तिघं खिडकीकडे तोंड करून बसले, मास्तरांनी मोजे चढवले, बाटल्या तीनतीनदा फिरवल्या आणि ओतलं. मागच्या खोलीत धाकटा कुठल्याशा कचेरीच्या वह्या शिवत बसला होता. दार अर्धं उघडं होतं आणि आतून दोरा ओढल्याचा आवाज येत होता.

पहिला पेला तिनं ताबडतोब ओळखला, बोर्बन. दुसरा हुंगला आणि तिचे डोळेच लकाकले. मिरी, शहाजिरं, शेवटी चिमटा. "हीच," ती पुटपुटली आणि कागदावर पहिला नंबर देऊन टाकला. तिसरा पेला तिनं दोनदा घेतला. तोंड वाकडं केलं. लिहिलं, "पोकळ. सुरुवात बरी, मधे काही नाही, शेवट पाण्यात. ही कुणी आणली?" चौथा नंबर. चौथा पेला दुसरी बोर्बन, ठीकठाक.

मास्तरांनी एकेक मोजा उतरवला. दुसऱ्या मोज्यातून डॉक्टरनं मागच्या रविवारी आणून ठेवलेली स्वस्तातली राय निघाली, बाजारात कुठेही मिळते ती. तिसऱ्यातून मिरीवाली निघाली.

मग डॉक्टरनं मांडीवर थाप मारली. "वहिनी! अहो, झोपेत ओळखणार होतात ना? जागेपणी चौथा नंबर दिलात की!" विमेवाला पोट धरून हसायला लागला. "ही कुणी आणली, असं लिहिलंय! वाचा, वाचा परत!" डॉक्टरनं तिचा कागद उचलून मोठ्यानं वाचला. दोनदा वाचला.

औषधवालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सहा वर्षांची इभ्रत दोन मिनिटांत गेली होती, आणि ती घालवली होती तिच्याच हस्ताक्षरानं. तिनं बाटली हातात घेतली, पुन्हा हुंगली, पुन्हा एक घोट घेतला. ती नव्हतीच ती. फिकी, पातळ, मेलेली.

"यात पाणी आहे," ती म्हणाली.

हसणं थांबलं.

"तळाला आली होती, वहिनी," मास्तर हळूच म्हणाले. "अकरा आठवडे तीन बोटं राहिली म्हणजे बाटलीत सगळी हवाच. उतरते चव. तुम्हीच सांगता की नेहमी."

"हवेनं उतरलेली मला कळते, मास्तर. हे पाणी आहे."

डॉक्टरनं पेला उचलला, तोंडात घोळवला, छताकडे बघितलं. "हं. पातळ आहे खरी. वहिनी म्हणतात तसंच असावं." विमेवाल्यानंही चाखली आणि मान डोलवली. त्याला डॉक्टर म्हणेल तेच लागायचं. पाणी म्हटल्यावर दोघांना पाणी लागलं. आणि पाणी म्हटल्यावर तिघांच्याही माना आपोआप मागच्या खोलीकडे वळल्या. दोऱ्याचा आवाज बंद झाला होता.

"बाळू, बाहेर ये."

तो आला. अंगावर कामाचा डगला, बोटांना खळ.

"या बाटलीत पाणी कुणी घातलं?"

त्यानं बाटलीकडे बघितलं नाही. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मग टेबलावरच्या बशीकडे. बशीकडे तो बराच वेळ बघत राहिला. तिला वाटलं, नजर चुकवतोय.

"तू सांग, ताई," तो म्हणाला.

"मी काय सांगू? मी तुला विचारतेय."

"मी नाही घातलं."

"मग भुतानं घातलं? घरात दोनच माणसं आहेत. एक मी."

"तू नीट बघ, ताई," तो म्हणाला. आवाज अगदी खाली. "एकदा नीट बघ, आणि मग सांग."

"बघायचं काय त्यात? चाखलंय मी! तुझं तोंड हुंगणार नाही म्हणून शपथ घेतलीय, ती पाळतेय अजून. पण माझी जीभ मला फसवत नाही. थोडी थोडी काढायची आणि वर पाणी घालायचं, हे मी पूर्वीही बघितलंय. आईच्या वेळी औषधाच्या बाटलीत तू हेच केलं होतंस."

ते खरं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यानं ते केलं होतं. पण ते तीन परक्या माणसांसमोर काढायचं काही कारण नव्हतं. मास्तर आपल्या चपला शोधू लागले. धाकट्यानं मान खाली घातली.

"वहिनी, कुलूप घाला," डॉक्टर म्हणाला. "मी पहिल्यापासून सांगतोय."

तो पहिल्यापासून काहीही सांगत नव्हता. पण ती तरातरा उठली, खणातून दुकानाच्या शटरचं जादा कुलूप काढलं आणि सगळ्यांसमोर कपाटाला ठोकलं. किल्ली कमरेला खोचली.

धाकटा ते बघत होता. "चौदा महिने उशीर केलास," एवढंच तो म्हणाला. मग आत गेला, तीच पिशवी भरली आणि मंडळींच्या मधून वाट काढत निघून गेला. खळीचं भांडं तेवढं मागे राहिलं.

"बरं केलंत," डॉक्टर जिन्यात म्हणाला. "असली माणसं सुधारत नसतात हो." तिनं मान हलवली. मनातून तिला, खरं सांगायचं तर, बरंच वाटत होतं. नाक शाबूत होतं तिचं. दोष पाण्याचा होता.

सोमवारी अकराच्या सुमारास दुकानात एक म्हातारी आली. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली, कपाळाला आठ्या.

"हे बदलून दे. यात पाणी घातलंय कुणीतरी."

"पाणी?"

"पाणचट लागतंय. मागच्या वेळी कसं घशाला झोंबायचं. हे म्हणजे निव्वळ नळाचं पाणी. तुमच्याकडे कोण माणसं आहेत कामाला, बघ जरा."

औषधवालीला हसू आलं. "आजी, सर्दी झालीय ना तुम्हाला? मग चव कशी लागेल?"

"मला चव कळते. सत्तर वर्षं खातेय मी."

"बरं, सील कुणी फोडलं?"

"मीच फोडलं. काल सकाळी."

"तेव्हा धड होतं?"

"होतं की. चांगलं घट्ट होतं, सुरी घालावी लागली."

"मग झालं तर!" औषधवाली म्हणाली. "सील धड होतं आणि तुम्हीच तुमच्या हातानं फोडलंत, तर त्यात पाणी जाईल कुठून, आजी? उगाच कुणावर तरी आळ..."

पुढचा शब्द तिच्या तोंडातून निघाला नाही. म्हातारी वाट बघत उभी. शेवटी म्हणाली, "अगं, देतेस का बदलून?" तिनं नवी बाटली दिली, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तशीच घराकडे निघाली. शटरला कुलूप घालायचंही सुचलं नाही.

बशी टेबलावरच होती. दाण्यांची टरफलं, आणि टरफलांखाली पट्ट्यांचे तुकडे. तिनं ते निवडले, टेबलावर पसरले, जोडले. चार पट्ट्या. मिरीवालीची तिसरी. फाडल्याची एकच रेघ, मधोमध, तिच्या नखाची. बाकी कुठे उचकटल्याची खूण नाही, दुसऱ्यांदा खळ लावल्याचा डाग नाही. वर अकरा आठवड्यांपूर्वीची तारीख, खाली तिची सही, पूर्ण, शेपटासकट. बाटलीच्या गळ्यावर सहीचा उरलेला अर्धा तुकडा होता, तो पट्टीला तंतोतंत जुळला.

तिनं मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, काल मी पट्ट्या फाडल्या तेव्हा तुम्ही शेजारी होतात. मिरीवालीची अख्खी होती का?"

पलीकडे मास्तर खाकरले. मग, "होती, वहिनी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"डॉक्टर बोलत होते ना," मास्तर म्हणाले. "आणि तुम्ही इतक्या खात्रीनं म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार."

तिनं फोन ठेवला. कपाटाच्या कुलपाकडे बघितलं. पहिल्याच दिवशी मागितलं होतं त्यानं ते. तिनं दिलं नाही, म्हणून त्यानं कागदाचं करून घेतलं. दर रविवारी त्यानं तिच्यापुढे हात पसरून म्हटलं होतं, सही कर, पूर्ण कर. आणि काल तो बशीकडे बघत उभा होता, ही बघेल म्हणून.

बाइंडिंगखाना दोन गल्ल्या सोडून होता. लांबट खोली, एका बाजूला कागद कापायचं यंत्र, भिंतीला टेकून पुठ्ठ्यांचे ढीग, सगळीकडे खळीचा आंबूस वास. दुसरा कारागीर जेवायला गेला होता. धाकटा खाली बसून वही शिवत होता. कोपऱ्यात पुठ्ठ्यांवर त्याची पिशवी उशीसारखी ठेवलेली. रात्री इथेच झोपला होता म्हणायचा.

ती त्याच्यासमोर एका गठ्ठ्यावर बसली. धाप लागली होती. मुठीतली पट्टी तिनं त्याच्यापुढे ठेवली.

"अख्खी होती," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग तू बोलला का नाहीस रे?"

त्यानं दोरा ओढला. "तुझ्याच हातात होती, ताई. सही तुझी, फाडलीस तू. मी आणखी काय बोलायचं होतं?"

"चुकलं माझं. फार चुकलं. त्या डॉक्टरसमोर तोंडघशी पडले आणि माझं डोकंच फिरलं. आईचं ते काढलं, ते तर..." तिनं पट्टी त्याच्याकडे आणखी सरकवली. "मी सांगते त्या तिघांना. आज सांगते. फोन करून नाही, घरी जाऊन सांगते प्रत्येकाला. तू चल. घरी चल, बाळू."

सुई दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली. मग त्यानं ती वहीत टोचून ठेवली.

"कुलूप आहे अजून?"

"काढते. आत्ता जाऊन काढते."

"काढू नकोस," तो म्हणाला. "राहू दे. किल्ली दुकानात ठेव. आणि ते, विश्वास आहे माझा वगैरे, ते लोकांना सांगत जाऊ नकोस. मला घाम फुटतो."

"नाही सांगणार."

"मग येईन," तो म्हणाला. "संध्याकाळी येईन. हे काम आज द्यायचंय."

तिला भडभडून आलं. ती गठ्ठ्यावरून उठली, त्याच्याजवळ वाकली, त्याच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. "माझा राजा," म्हणाली. हे सगळं मनापासून होतं, त्यात तसूभर खोट नव्हती. पण रात्री हा घराबाहेर होता. काल असा मान खाली घालून गेला, तो थेट इथेच आला असेल की वाटेत कुठे थांबला असेल? हा विचार तिनं केला नाही. तो आपला आपणच आला. आणि ते नाक, गल्लीभर मान असलेलं नाक, तिला न विचारता पुढे झालं. त्याच्या तोंडापासून चार बोटांवर येऊन थांबलं आणि तिनं श्वास आत ओढला. हळूच. ऐकू येऊ नये इतका हळू.

त्याला ऐकू आला. पंचवीस वर्षांपूर्वी रोज संध्याकाळी दारात ऐकलेला श्वास तो, चुकेल कसा?

तो हलला नाही. डोळे तेवढे वर केले. तिचा हात त्याच्या केसांतच राहिला. मग त्यानं तिची मान धरून तिचं तोंड आणखी जवळ ओढलं, स्वतःचं तोंड उघडलं आणि तिच्या नाकावर फुंकला सगळा श्वास.

"हाऽऽऽ. घे. नीट घे. सांग आता, बोर्बन की राय?"

शिळ्या चहाचा वास होता. खळीचा होता, दातांत धरलेल्या मेणाच्या दोऱ्याचा होता, रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या तोंडाचा होता. दुसरा कसलाही नव्हता.

"बाळू..."

त्यानं तिची मान सोडली. वहीतली सुई काढली, दोरा ओढून सरळ केला आणि पुढचं पान उलटलं.

"जा, ताई," तो म्हणाला. "दुकान उघडं टाकून आली असशील."